बर्ड फ्लूची 'महामारी' आणि साथ हा शब्द

धुळ्याच्या एका भाऊंनी विचारलंय की 'नवापूरला बर्ड फ्लूची महामारी' असं म्हणतात ते बरोबर का, आणि साथ, महासाथ, महामारी यात फरक काय.

बरोबर नाही, आणि ऐकून ऐकून कान किटलेत. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, देशात पहिल्यांदाच, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, पण माणसात लागण सापडली नाही, मग महामारी कुठनं आली? महासाथ म्हणायची तर विषाणू माणसांना नवा पाहिजे, माणसाकडनं माणसाला सहज लागला पाहिजे आणि देशोदेशी पसरला पाहिजे. २००९ चा स्वाइन फ्लू, ती महासाथ. महामारी हा शब्द महासाथीच्या अर्थानं हिंदी चॅनलवाल्यांकडनं उचललेला, आपल्याकडे मरी म्हटलं की पटकी आणि मरीआईच आठवते.

खरी मजा साथ या शब्दात आहे. साथ आली सार्थवरनं, सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, प्राकृतात सत्थ, पुढे साथ, जसं चतुर्थीचं चउत्थी आणि मग चौथ. काही जण ती 'सहित'वरनं ओढून काढतात, त्यांनी र्थ-त्थ-थ ही साखळी एकदा नीट बघावी, ह गिळून त चा थ करायची कसरत कशाला? माझं ठाम मत आहे की रोग तांड्याबरोबर गावात शिरतो हे बघूनच लोकांनी त्याला साथ म्हटलं. सुरत-बऱ्हाणपूरचा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबारवरनंच जायचा ना! १९१८ ला तेच झालं, फ्लू जहाजातनं मुंबईत उतरला आणि रेल्वेनं गावोगाव गेला, लोकांनी तिला मानमोडी म्हटलं, देशात कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे. इटलीवाल्यांनी इन्फ्लुएन्झा हे नाव ताऱ्यांच्या प्रभावावरनं दिलं, त्यांची नजर आभाळात होती, आपल्यांची रस्त्यावर, म्हणून मला आपला शब्द जास्त शहाणा वाटतो.

आणि फ्लूच्या विषाणूतल्या प्रत्येक बदलाला 'म्युटेशन' म्हणणंही थांबवा. बारीक बारीक म्युटेशन, म्हणजे जनुकांतले छोटे बदल, सतत चालूच असतात, त्यापायी तर फ्लूची लस दरवर्षी तपासून बदलावी लागते. मोठा बदल वेगळाच, या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात, एकाच डुकराच्या एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ च्या विषाणूत डुक्कर, पक्षी, माणूस अशा तिघांच्या फ्लूचे तुकडे होते. याला 'अदलाबदल' म्हणा की सरळ, चांगला मराठी शब्द आहे.

मानमोडीला अहिराणीत कुणाच्या आजीकडनं वेगळं नाव ऐकलं असेल तर जरूर कळवा.