‘बाबा, आपण जिंकणार ना?’

“मी योग्य तेच करतोय, पण भोगतेय माझी मुलगी. माघार घेऊ का?” सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न शब्द बदलून इतक्यांदा समोर येतो की एकदा लिहायलाच घेतलं.

एक वडील आले होते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). चोरीचा आळ आलेल्या सहकाऱ्याच्या बाजूने त्यांनी ऑफिसच्या चौकशीत साक्ष दिली. त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीला वर्गात ‘चोराच्या वकिलाची पोरगी’ म्हणू लागले. तिने एकाला बोचकारलं.

“तिला काय सांगितलंत?”

“हे मोठ्यांचं आहे, तू लक्ष देऊ नकोस. सगळं ठीक होईल.”

“मग?”

“मग काय, गप्प झाली.”

ही गप्प बसणारी मुलंच मला जास्त काळजीत टाकतात. चिडवणं मुलं पचवतात; आपल्याकडे उत्तर नाही हे त्यांना पचत नाही.

गृहस्थ वाचणारे, म्हणून ॲटिकस फिंचची आठवण दिली. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960) या कादंबरीतला वकील बाप. 1930च्या दशकातलं अलाबामा. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप असलेल्या टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाचा खटला तो लढवतो. त्यावरून स्काउट, त्याची धाकटी, शाळेत हातघाईवर येते. तो तिला बसवून सांगतो: हे काम टाळलं तर मला गावात मान वर करता येणार नाही, आणि तुम्हा भावंडांना काही सांगायचा हक्कही उरणार नाही. ती विचारते, आपण जिंकणार का? तो म्हणतो, नाही.

गृहस्थ बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत होते. “म्हणजे हरू शकतो, हेही सांगायचं?”

तेच तर सांगायचं. ‘सगळं ठीक होईल’ हे वचन मोडलं की मूल पुढचं काहीच खरं मानत नाही.

आम्ही तीन वाक्यं बसवली: काय झालं, मी का बोललो, पुढे काय होऊ शकतं. झोपायच्या वेळी नाही, भांडणाच्या भरात नाही. भांडी पुसताना, चालताना. विचारेल तेवढंच सांगायचं. चौथं वाक्य आलं की भाषण सुरू होतं आणि मुलाचं लक्ष उडतं. ‘मारू नकोस’ एवढ्यावर थांबू नये, तोंडात एक वाक्य द्यावं. तिने स्वतःच निवडलं: “बाबांनी जे पाहिलं ते सांगितलं.”

पुढच्या भेटीत ते म्हणाले, तिने विचारलं, ते काका खरंच चोर निघाले तर?

“काय म्हणालात?”

“म्हटलं, तर माझा अंदाज चुकला असेल. पण त्या वेळी ते माझ्या शेजारी बसले होते, हे खोटं नाही.”

हे मी शिकवलं नव्हतं. माझं मत जुनंच आहे, माणसाला वाट दाखवावी लागत नाही, नीट ऐकलं की ती त्यालाच सापडते.

ॲटिकसकडून एक गोष्ट मात्र उचलू नका. त्या गोऱ्या मुलीचा बाप बॉब युएल धमक्या देतो, ॲटिकसच्या तोंडावर थुंकतो. ॲटिकसला वाटतं, एवढ्यावर त्याचा राग निवला. शेवटी युएल मुलांवरच चाल करून येतो आणि स्काउटच्या भावाचा, जेमचा, हात मोडतो. सज्जन माणसाला समोरच्याच्या द्वेषाची खोली कळतेच असं नाही. म्हणून चिडवण्याला उत्तर मुलीने द्यावं. ढकलणं, वाट अडवणं, धमकी यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटा. या गृहस्थांना एकदा जावं लागलं. लेकीला सोबत नेलं नाही, पण काय बोलणं झालं ते घरी आल्यावर सांगितलं. तीन वाक्यांत.