विचारा ताईला : सासूबाईंना त्याच जहाजावर परत जायचंय

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही अमळनेरचे. जानेवारी २०२३ मध्ये सगळं घर मुंबईहून एम्प्रेस क्रूझनं गोव्याला जाऊन आलं, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सासऱ्यांना ते जहाज इतकं आवडलं की नंतर घरी कोणीही आलं तरी तेच सांगायचे, पहाटे उठून कठड्याशी चहा घेत बसायचो म्हणून. मागच्या वर्षी ते गेले. आता सासूबाई म्हणताय मला परत त्याच जहाजावर जायचंय. मिस्टर म्हणतात बघितलेल्या गोष्टीवर परत एवढा पैसा कशाला, तेवढ्यात केरळ होईल. माझी भीती वेगळीच आहे, तिथे जाऊन त्यांना जास्त त्रास झाला तर? शिवाय मुलीला मागच्या वेळी पहिल्या रात्री उलट्या झाल्या होत्या. काय करू?

उत्तर : जा. आधी हेच सांगते, बाकीचं नंतर बोलू. मी माझ्या आईला घेऊन दोनदा त्याच जहाजावर गेलेय म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतेय.

मिस्टरांना एक विचारा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते तेव्हा आपल्याकडे कोणी म्हणतं का की मागच्या वर्षी तर आली होती, यंदा नवीन काय बघायचंय? तिला माहीत असतं झोका कुठे बांधतात, कोणत्या खोलीत वारं येतं, आणि ते माहीत असतं म्हणूनच तर ती येते. पहिल्या फेरीत आपला अर्धा जीव हे कुठे ते कुठे, जेवायला कोणत्या मजल्यावर, लिफ्ट कोणती यातच जातो. माझी आई पहिल्या वेळी कठडा घट्ट धरून उभी होती आणि सारखी विचारत होती, किनारा कोठे शे? तापीचा पूर तिनं पाहिलेला, पण पुराला पण पलीकडचा काठ असतो. दुसऱ्या वेळी तिनं चप्पल काढली, खुर्ची ओढली आणि तासभर एक शब्द न बोलता पाण्याकडे बघत बसली. ते बघायलाच मी गेले होते असं मला नंतर वाटलं.

आता तुमच्या भीतीबद्दल. सासूबाई रडतील, नक्की रडतील. रडू द्या, घरात रडायला त्यांना निवांत जागा मिळत नसेल कदाचित. फक्त एक करा, ती पहिली सहल जशीच्या तशी परत करायला जाऊ नका. तीच केबिन, तेच टेबल, तोच फोटो असं मुद्दाम जुळवायला गेलं की प्रत्येक ठिकाणी एक खुर्ची रिकामी दिसते. सासऱ्यांची एकच जागा ठेवा, ती पहाटेची चहाची, आणि बाकी सगळं नवीन करा. मुलांना पण आधीच सांगून ठेवा की मागच्या वेळचा वेटर दादा भेटेलच असं नाही, जहाजावरचे लोक साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतात, मग सुट्टी, मग कधी दुसरंच जहाज. कार्पेट, पडदे, हॉटेलची मांडणी पण बदललेली असू शकते, कारण प्रवासी जहाजाचा तळ पाच वर्षांत निदान दोनदा पाण्याबाहेर काढून तपासावा लागतो आणि तेव्हाच आतलं कामही बऱ्याचदा काढतात. सासूबाईंना हे अचानक दिसण्यापेक्षा घरूनच माहीत असलेलं बरं.

तसं या जहाजालाच परत येण्याची सवय आहे. १९९० मध्ये फ्रान्सला बांधलं तेव्हा त्याचं नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं, २००४ ला एम्प्रेस ऑफ द सीज झालं, २००८ ला स्पेनच्या एका कंपनीकडे गेलं, २०१६ ला परत जुन्या कंपनीत आलं आणि २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझ कंपनीचं म्हणून आपल्या मुंबईतून सुटतंय. सुमारे २११ मीटर लांब, अकरा डेक, म्हणजे मजले. एवढी नावं बदलली तरी जहाज तेच. सासूबाईंना हे सांगा, त्यांना आवडेल.

केरळचं म्हणाल तर दोन्ही जमू शकतं. त्या मोसमाचं वेळापत्रक बघा, कोचीची फेरी असली तर जहाज पण तेच आणि मिस्टरांचं केरळ पण थोडं पदरात पडतं. लक्षद्वीपचं मात्र विचार करून घ्या, तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीतून बेटावर नेतात, समुद्र खवळलेला असला की उतरणं रद्द सुद्धा होतं. हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते तुम्हालाच माहीत.

मुलीच्या उलट्यांसाठी केबिन बघून घ्या, हा सगळ्यात मोठा उपाय. जहाज पुढच्या आणि वरच्या टोकाला जास्त हलतं, मधोमध आणि खालच्या डेकवर कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत समुद्र बराच शांत असतो. गोळी उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही, जहाज सुटायच्या आधी द्यावी लागते, कोणती आणि किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, सासूबाईंना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यासाठी पण वेगळं विचारा. मळमळलं की केबिनमध्ये मोबाईल बघत पडायचं नाही, उघड्या डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघायचं, तोंडात आलेपाक ठेवायचा. आणि मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका सगळ्यांचे, भर समुद्रात जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर बिल फार येतं.

बुकिंग करताना केबिनचे नंबर हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आमच्या दुसऱ्या फेरीला एका एजंटनं शेजारशेजारच्या केबिन देतो म्हणून सांगितलं आणि आई एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला, रात्री दोनदा उठून तो लांब पॅसेज तुडवत मी तिला बघायला गेले. सासूबाईंसोबत नातीला ठेवा आणि खालचा बेड सासूबाईंना, वरचे बेड भिंतीतून उघडतात आणि त्यांना शिडी असते.

मुंबईला त्याच दिवशीच्या गाडीनं जाऊ नका, आपल्याकडच्या गाड्या उशिरा धावल्या की पोटात गोळा येतो. सीएसएमटीला जाणारी आदल्या रात्रीची गाडी धरा, सकाळी तिथे उतरलं की जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीनं जवळच. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, तेव्हा तुमच्या वेळचा रस्ता डोक्यात धरून जाऊ नका, तिकिटावर कोणतं गेट लिहिलंय ते वाचा. देशातल्या फेरीला आधार चालतं, मुलांची पण मूळ ओळखपत्रं घ्या. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत म्हणून कळण्याच्या भाकरी ट्रेनपुरत्याच करा.

गोव्याची फेरी घेतली तर एक माझं ऐका. गोवा तुम्ही बघितलाय. मिस्टर आणि मुलं उतरू दे, तुम्ही आणि सासूबाई जहाजावरच थांबा. सगळं जहाज रिकामं होतं, पूल रिकामा, लिफ्ट रिकाम्या, जेवायला रांग नाही. त्या दोन-चार तासांत सासूबाई तुमच्याशी जे बोलतील ते अमळनेरच्या घरात बोलल्या नसतील.

आणि ती चहाची जागा. जाताना जहाज दक्षिणेला जातं म्हणून किनारा डाव्या हाताला आणि सूर्य मावळतो उजवीकडे. येताना उलटं होतं. परतीच्या पहाटे पुढे तोंड करून उजव्या बाजूच्या कठड्याशी उभ्या राहा, सूर्य तिकडूनच उगवतो, जमिनीच्या अंगानं. सासूबाईंना शाल द्या, वारं गार असतं. चहा तुम्ही आधी जाऊन घेऊन या, थोड्या वेळानं तिथे गर्दी होते.