शोलाकिळी : एक जात की दोन?

प्रश्न : उटीजवळच्या शोलावनात (डोंगरमाथ्यावरच्या घळींतील सदाहरित वनात) आम्हाला निळसर-करड्या रंगाचा, कुशीला तांबूस असलेला एक लहान पक्षी दिसला. पुढे कोडाईकनालला तसाच पक्षी पाहिला, पण त्याच्या कुशीवर तांबूस रंग नव्हता. दोन्हीकडे नाव मात्र ‘शोलाकिळी’ असेच सांगण्यात आले. हा नर-मादीतला फरक आहे का? हा पक्षी महाबळेश्वरला दिसेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, मात्र हा फरक नर-मादीतला नसून जातींचा आहे. उटीला आपण निलगिरी शोलाकिळी पाहिलीत आणि कोडाईकनालला पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. निसर्गअभ्यासक जर्डन यांनी पहिलीचे शास्त्रीय वर्णन १८४४ मध्ये केले, तर निसर्गअभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी दुसरीचे १८६८ मध्ये. तरीही पुढे दीर्घकाळ दोघींना एकाच जातीच्या उपजाती मानले गेले.

या दोघींच्या मध्ये पश्चिम घाटातील पालघाटची सुमारे ३० किलोमीटर रुंदीची सखल खिंड आहे. डोंगरमाथ्यावरच्या थंड, ओलसर, काळोख्या झाडोऱ्यात जमिनीलगत वावरणाऱ्या या पक्ष्याला ती उष्ण मैदानी पट्टी समुद्राइतकीच दुस्तर ठरते, आणि म्हणूनच खिंडीच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील पक्षी लाखो वर्षे एकमेकांत न मिसळता वेगवेगळे घडत गेले. जनुकीय अभ्यासातून त्यांचे जवळचे नातेवाईक इतर कोणत्या पक्ष्यांत आहेत हेही उलगडले, आणि २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’, म्हणजे शोलात राहणारा, ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्थापन झाली. ‘किळी’ म्हणजे मल्याळममध्ये पक्षी. स्थानिक भाषेतले नाव शास्त्राच्या व्यवहारात असे रुजले, याचा मला विशेष आनंद वाटतो.

महाबळेश्वरला मात्र ती दिसणार नाही. निलगिरी शोलाकिळीची उत्तरेकडची वस्ती कर्नाटकातील बाबाबुदनगिरीच्या परिसरात संपते.

एक जात दोन झाल्यामुळे काळजीही वाढली आहे, कारण आधीच तुटक असलेल्या अधिवासाची आता दोघींत वाटणी झाली. शोलाभोवतीच्या गवताळ माळांवर इंग्रजांच्या काळापासून वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ), निलगिरी (युकॅलिप्टस) आणि पाइन या झाडांची लागवड होत गेली. निलगिरी शोलाकिळी आज संकटग्रस्त गणली जाते. एका डोंगरावरची वस्ती नष्ट झाली, तर शेजारच्या डोंगरावरून पक्षी येऊन ती भरून निघणे फार कठीण असते.

पुन्हा जाल तेव्हा पहाटे शोलाच्या कडेला शांत बसावे. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नये. विणीच्या दिवसांत तर मुळीच नको.