गाताना पायाने पेडल बदलायला जमत नाही. रीपरमधून मिडीने आपोआप बदलता येतील का?

हो, येतील. आणि तुम्ही जे सामान सांगितलंय (लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प, म्हणजे अनेक इफेक्ट एकत्र असलेला गिटारचा पेडल, बॉसचा डीडी-२०० डिले, म्हणजे आवाजाचे प्रतिध्वनी काढणारा पेडल, मिडी आउट असलेला ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) त्यात फक्त दोन वायरींची आणि एका अ‍ॅडॉप्टरची भर घालायची आहे. बॅकिंग ट्रॅक तुम्ही रीपरमधूनच वाजवता, म्हणजे गाणं कुठे आहे हे लॅपटॉपला आधीच ठाऊक आहे. ते पेडलला सांगायचं, एवढंच काम.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, हुकूम जातात. तुमच्या कामाचे दोन: प्रोग्रॅम चेंज, म्हणजे ‘अमुक नंबरचा प्रीसेट (साठवून ठेवलेला आवाज) काढ’, आणि कंट्रोल चेंज, ज्याला सगळे सीसी म्हणतात, म्हणजे ‘अमुक गोष्टीची किंमत इतकी कर’. माझं कळकळीचं सांगणं असं की गाणं चालू असताना प्रोग्रॅम चेंज वापरूच नका. गाण्याच्या सुरुवातीला एकदा पाठवा आणि पुढचं सगळं सीसीवर करा. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अंतऱ्याला एक प्रीसेट, मुखड्याला दुसरा असं करून बसतो. मग बरोबर मुखड्याच्या पहिल्या मात्रेला क्षणभर आवाज गायब होतो आणि दोष मिडीला दिला जातो. दोष मिडीचा नसतो. १९८३ पासून मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट ठरलेला आहे, आणि त्या हिशोबाने तीन बाइटचा एक सीसी पोचायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. वेळ लागतो तो पेडलला, जुना प्रीसेट मोडून आतली सगळी मांडणी नव्याने उभी करायला.

त्यासाठीच एचएक्स स्टॉम्पमध्ये स्नॅपशॉट दिलेत. एकाच प्रीसेटमध्ये तीन अवस्था ठेवता येतात: पहिल्यात क्लीन, दुसऱ्यात ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू, तिसऱ्यात सोलोसाठी आवाज थोडा वर. स्नॅपशॉट बदलताना आवाज तुटत नाही. त्यांचा सीसी क्रमांक ६९, आणि किंमत ०, १ किंवा २.

आता रीपरमध्ये. प्रेफरन्सेसमधल्या मिडीच्या पानावर तुमच्या इंटरफेसचा आउटपुट चालू करा. गिटारच्या ट्रॅकखाली एक नवा ट्रॅक घ्या, त्याच्या रूट बटणात जाऊन मिडी हार्डवेअर आउटपुट म्हणून तोच इंटरफेस निवडा. ट्रॅकवर गाण्याइतका लांब रिकामा मिडी आयटम टाका, एडिटर उघडा, खालच्या पट्टीत सीसी ६९ निवडा आणि जिथे मुखडा सुरू होतो तिथे १ किंमतीचा ठिपका ठेवा. प्ले करा. पायाने काहीही न दाबता स्टॉम्पच्या पडद्यावर स्नॅपशॉट बदललेला दिसेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोच एक बदल वीस वेळा वाजवून बघितला होता.

इथे एक बारीक गोष्ट जपा. ठिपक्यांमधली रेघ चौकोनी पायरीसारखी हवी. ती तिरकी झाली तर ० वरून २ कडे जाताना वाटेत १ लागतो आणि मधला स्नॅपशॉट डोकावून जातो. तिरकी रेघ एक्स्प्रेशन पेडलसाठी, म्हणजे पायाने हळूहळू कमी-जास्त करायच्या गोष्टींसाठी, राखून ठेवा: स्टॉम्पवर सीसी १ म्हणजे एक्स्प्रेशन एक, त्यावर वाह इफेक्टचा हळू चढ असा काढता येतो की पायाने दर वेळी तसाच येणं कठीण.

दुसरी गोष्ट, ठिपके फक्त बदलाच्या जागी ठेवू नका. गाण्याच्या प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक ठेवा, आधीचाच स्नॅपशॉट चालू राहणार असला तरी. तालमीत आपण कायम ‘चल, दुसऱ्या अंतऱ्यापासून घेऊ’ म्हणतो, आणि तेव्हा पेडल मागच्याच आवाजात अडकलेलं असू शकतं.

जोडणी अशी: इंटरफेसच्या मिडी आउटमधून स्टॉम्पच्या मिडी इनमध्ये, आणि स्टॉम्पच्या आउट/थ्रूमधून डीडी-२०० मध्ये. स्टॉम्पच्या ग्लोबल सेटिंग्जमध्ये मिडी थ्रू (आलेले हुकूम पुढच्या पेडलकडे सोडणं) ऑन करायला विसरू नका. स्टॉम्पला चॅनल १ द्या, डीडी-२०० ला चॅनल २, नाहीतर एकाचा हुकूम दोघेही पाळतील. प्रीसेटचे नंबर मोजताना काही यंत्रं ० पासून सुरू करतात, काही १ पासून, म्हणून एकाचा फरक आला तर घाबरू नका.

डीडी-२०० चं मिडीचं भोक मात्र साडेतीन मिलिमीटरचं आहे, त्याला पाच पिनांवरून अ‍ॅडॉप्टर लागतो. माझी एक अख्खी संध्याकाळ इथे गेली. दुकानातून आणलेला अ‍ॅडॉप्टर दिसायला अगदी बरोबर होता, पण पेडल ढिम्म. हे अ‍ॅडॉप्टर टाइप ए आणि टाइप बी अशा दोन जातींचे असतात, टिप (पिनचं टोक) आणि रिंगची (त्यामागचं कडं) जोडणी एकमेकांच्या उलट. २०१८ साली टाइप ए प्रमाण ठरला, बॉसलाही तोच लागतो, पण बाजारात दोन्ही मिळतात. विचारून घ्या.

‘स्टॉम्पला यूएसबीनेच जोडलं तर?’ असंही तुम्ही विचारलंय. चालतं, मिडी त्यातूनही जातं. तरी कार्यक्रमात मी पाच पिनांची वायरच लावतो. त्या वायरीच्या मिडी इनमध्ये ऑप्टोकप्लर असतो, हुकूम प्रकाशाच्या रूपात पलीकडे जातो, त्यामुळे लॅपटॉपचं आणि पेडलचं अर्थिंग त्या वायरीतून जोडलं जात नाही. यूएसबीने ते जोडलं जातं. लॅपटॉप चार्जरवर असला की गिटारमध्ये जी घूंऽऽ ऐकू येते, ती पुष्कळदा त्यातूनच.

डिलेच्या टेम्पोसाठी मिडी क्लॉक पाठवता येतो, एका ठोक्याला २४ टिक. पण लॅपटॉपकडून ते टिक थोडे मागेपुढे येतात आणि लांब रिपीट्स चालू असतील तर शेपटीचा सूर हलल्यासारखा वाटतो. तुमचा टेम्पो बॅकिंग ट्रॅकमुळे ठरलेलाच आहे, तेव्हा वेळ मेमरीतच साठवून टाका. १०० च्या टेम्पोला डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण ठोका, ४५० मिलिसेकंद. डीडी-२०० मध्ये १२७ मेमरी आहेत, प्रत्येक गाण्याला एक दिली तरी उरतील. गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या बारमध्ये तिचा प्रोग्रॅम चेंज ठेवा, म्हणजे काउंट पडेपर्यंत पेडल तयार असतं.

रूटच्या यादीत इंटरफेसचं नावच दिसत नसेल तर त्याचं मॉडेल खाली कळवा, बघून सांगतो.