नर्सिंगची पीएचडी आणि एमबीए दोन्ही एकदम करता येतं का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी नर्सिंग झालंय, गोव्यात नोकरी आहे, अमेरिकेत डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) आणि एमबीए जोडून करतात तसं इथे पीएचडी आणि एमबीए एकदम करता येईल का. मी फोंड्याच्या बाजूला एका हॉस्पिटलात नर्सिंग सुपरवायझर आहे, एमबीए झालंय आणि पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. माझं मत, एकदम नको, आधी एमबीए करा.

डीएनपी म्हणजे आपली पीएचडी नव्हे. ती प्रत्यक्ष कामातली डॉक्टरेट, प्रबंधाऐवजी हॉस्पिटलातल्या सुधारणेचा प्रोजेक्ट असतो आणि बीएस्सीनंतरचे निदान १००० तास प्रॅक्टिसचे भरावे लागतात. जॉन्स हॉपकिन्समध्ये ती त्यांच्याच कॅरी बिझनेस स्कूलच्या एमबीएला जोडून करता येते. आपल्याकडे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ साली दोन डिग्र्या एकाच वेळी करायला मोकळीक दिली खरी, पण त्यातून पीएचडी वगळलीय, तेव्हा फी भरायच्या आधी ते नीट वाचा.

आणि एमबीए आधी का, तर माझ्यावर आलेली वेळ सांगते. काही वर्षांमागे चवथीच्या तोंडावर निम्म्या मुलींच्या रजा आणि वॉर्ड डेंग्यूच्या पेशंटनी भरलेला, मी दोन नर्स मागायला वर गेले तर हिशेब बघणारे साहेब म्हणाले, सिस्टर, खर्च किती आणि वाचणार किती ते लिहून द्या. मला पेशंटचे हाल होतात एवढंच सांगता आलं, आणि रिकाम्या हाताने खाली आले, त्या रात्री झोप लागली नाही. रजेसाठी ३० टक्के जादा स्टाफ धरावा हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष मला एमएस्सीपासून पाठ होता, पण पैशांत कधी मांडलाच नव्हता. एमबीएच्या कॉस्टिंगमध्ये ते शिकले, एक नर्स सोडून गेली की नवीन शोधण्यात, तिला तयार करण्यात आणि तोवर बाकीच्यांच्या ओव्हरटाइममध्ये किती जातं हे सगळं मांडता यायला लागलं. पुढच्या वर्षी कागद घेऊन गेले, एक पोस्ट मिळाली.

माझा पीएचडीचा विषय त्यातूनच निघाला. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास जरूर वाचा, दर नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेले पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं त्यात दिसलं. असा पुरावा उभा करायला पीएचडी लागते, आणि तो बजेटात बसवायला एमबीए.

नोकरी सांभाळून करायचं तर इग्नूचं एमबीए बघा, २ ते ४ वर्षांत पुरं करता येतं, मी नाईट ड्युटी संपवून कदंबच्या बसमध्ये बसून नोट्स वाचायचे. साखळी शहरातल्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये हेल्थकेअर मॅनेजमेंटचा पीजीडीएम (मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा) आहे, पण तो पूर्णवेळ, नोकरी सोडावी लागेल. पीएचडी मात्र डिस्टन्सने होत नाही, कोणी तसं सांगितलं तर फसू नका. किमान ३ वर्षं, कमाल ६, बायकांना वर २ वर्षांची सवलत मिळू शकते, आणि पार्टटाइम करायची तर नोकरीच्या ठिकाणची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागतेच.

तुमची नोकरी सरकारी की प्रायव्हेट ते लिहिलं नाहीत, ते सांगा, मग एनओसीसाठी मी अर्ज कसा केला ते लिहिते.