‘व इतर’मध्ये कोण कोण येतं?

प्रश्न सांगलीहून आलाय. विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटमध्ये जिन्याजवळ पाटी आहे: ‘येथे मोटार, मोटारसायकल, स्कूटर व इतर वाहने लावू नयेत.’ सेक्रेटरी म्हणतात, सायकल हेही वाहनच, तेव्हा बंदी. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणतात, ‘इतर’ म्हणजे त्याच जातीची, इंजिनाची, सायकल सुटली. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं एवढंच, की मराठीत ‘इतर’ म्हणजे ‘उरलेले सगळे’च ना?

शब्दकोशापुरतं सेक्रेटरींचं बरोबर आहे. इतर म्हणजे दुसरा, वेगळा. ‘मानवेतर’ म्हटलं की माणूस सोडून सगळं आलं. ‘वगैरे’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, त्याचाही मूळ अर्थ ‘आणि त्याखेरीज’ असाच. ‘इत्यादी’ मात्र निराळा. इति अधिक आदि, म्हणजे ‘हे ज्यांच्या आरंभी आहे ते’. पुढचे दोघंतिघं दाखवले, मागचे तुम्ही ओळखा. बोलताना आपण तिन्ही शब्द सरसकट वापरतो आणि अर्थ बहुतेक वेळा ‘इत्यादी’चाच घेतो. वाणसामानाच्या यादीत ‘हळद, मिरची, धने व इतर’ लिहिलं तर दुकानातून कुणी अंगाचा साबण आणत नाही.

वकीलसाहेबांनी बोट ठेवलंय ते या सवयीवरच. कोर्टात तिला लॅटिन नाव आहे, ‘एजुस्डेम जेनेरिस’: एकाच जातीच्या वस्तू ओळीने सांगून पुढे मोघम शब्द आला, तर तो त्या जातीपुरताच वाचायचा. वाहनांचाच एक मासलेवाईक खटला अमेरिकेत झाला. चोरीचं वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध 1919 चा कायदा होता. त्यात मोटार, ट्रक, मोटारसायकल अशी नावं देऊन पुढे ‘रुळांवर न धावणारं इतर कोणतंही स्वयंचलित वाहन’ असं म्हटलं होतं. एका इसमावर आरोप आला तो विमानाचा! विमान स्वयंचलित आहे आणि रुळांवर धावत नाही, अक्षरशः पाहिलं तर सापडला. पण 1931 मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की वाहन म्हटल्यावर सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे जमिनीवर चालणारी वस्तू येते. शिक्षा रद्द झाली.

सामान्य माणूस शब्द कसा वापरतो, ही कसोटी आपल्याकडेही लागते. अकोल्याच्या एका विक्रीकर प्रकरणात विड्याची पानं ‘भाजी’ ठरतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1961 चा निकाल असा, की वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, बाजारात पानाला भाजी म्हणत नाहीत.

तरी वकीलसाहेबांनी एवढ्यात हुरळून जाऊ नये. त्रिपुराच्या एका अबकारी खटल्यात 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाच्या अटी सांगितल्या: विशेष शब्दांची यादी हवी, त्या शब्दांची मिळून एक जात बनायला हवी, यादीने ती जात संपलेली नसावी, मोघम शब्द यादीच्या मागून यावा आणि कायद्याचा इरादा उलट दिसत नसावा. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. मुंबईच्या जागा अधिग्रहणाच्या कायद्यात जागा कशी कशी रिकामी होते हे सांगून शेवटी ‘किंवा अन्यथा’ असे शब्द होते. 1957 च्या लीलावतीबाई खटल्यात न्यायालयाने तिथे हा नियम लावलाच नाही. कुठलीही पळवाट राहू नये म्हणूनच ते शब्द घातलेत, असं म्हटलं.

म्हणजे पाटी कशासाठी लागली, हे विचारावं लागतं. कायदा कोणती खोड मोडायला आला ते बघा, हे इंग्लंडात 1584 च्या हेडनच्या खटल्यापासून सांगत आलेत. पेट्रोलचा वास नि आवाज नको म्हणून पाटी लावली असेल, तर सायकल सुटते. पण जिन्याची वाट मोकळी राहावी म्हणून असेल, तर भिंतीला टेकवलेली सायकलही तितकीच आडवी येते, आणि जिन्याशेजारची पाटी मला तरी याच कारणाची वाटते. तेव्हा माझं मत, थोडं नाइलाजाने, सेक्रेटरींच्या बाजूला झुकतं. शब्दकोशामुळे नव्हे, जागेमुळे.

वाद मिटवायचा तर पाटीवर ‘सायकलसह सर्व वाहने’ असं लिहून घ्या. व्याख्या बांधतानाही हाच भेद पाळतात: ‘वाहन म्हणजे अमुक’ लिहिलं की दार बंद, ‘वाहन यात अमुकचा समावेश होतो’ लिहिलं की दार उघडं.