पद मिळालं नाही, आता रेझ्युमेवर काय लिहू?

प्रश्न: ताई, मी सेकंड इयरला आहे. आमच्याकडे क्लब, फेस्ट, कौन्सिल सगळीकडे तीच तीच बोलकी मुलं पुढे असतात. मी एका क्लबच्या सेक्रेटरी पदासाठी अर्ज केला होता पण निवड झाली नाही. रेझ्युमेवर लीडरशिपच्या खाली लिहायला काहीच नाहीये. ग्रुप प्रोजेक्टमध्ये मात्र रात्र रात्र जागून सगळं मी करते आणि प्रेझेंटेशन दुसरंच कुणीतरी देतं. माझ्यात लीडरशिप नाहीच का?

उत्तर: अगं, निवड न होणं वेगळं आणि अंगात ती गोष्ट नसणं वेगळं. पदं मोजकी असतात, अर्ज ढीगभर येतात, आणि बरेचदा ज्यांचे चेहरे आधीपासून माहीत असतात त्यांनाच ती मिळतात. ते सोडून दे. मला तुझ्या ग्रुप प्रोजेक्टबद्दल बोलायचंय, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे आणि शिकायलाही तिथेच सगळ्यात जास्त मिळेल.

राग मानू नकोस, पण सगळ्यांच्या वाट्याचं काम एकटीने ओढणं म्हणजे हमाली झाली, त्यात ना तू टीम सांभाळायला शिकतेस ना बाकीचे काही शिकतात. आणि बाकीचे आळशीच आहेत असंही लगेच ठरवू नकोस. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, ते 1913 मध्ये छापून आलं, आणि त्यात दिसलं की माणसं वाढली की प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत जातो. त्यातला काही भाग सगळ्यांचा ताळमेळ न जमल्याचा असतो, पण काही भाग खरोखर ढिलाईचा असतो. 1979 मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना एकत्र टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं, तिथेही हेच झालं. पण पुढच्या प्रयोगांत मुलांना जेव्हा कळलं की आपला आवाज वेगळा मोजला जातोय, तेव्हा ही ढिलाई जवळजवळ निघूनच गेली. म्हणजे कोण काय करतंय हे दिसायला लागलं की तीच माणसं काम करतात.

म्हणून पुढचं प्रोजेक्ट सुरू होईल त्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना अर्धा तास बसव आणि कामाचे तुकडे पाड, प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव आणि एक तारीख. दोन नावं लिहिलीस की ते काम कुणाचंच राहत नाही. हे सगळं सगळ्यांना दिसेल अशा शेअर्ड फाइलमध्ये ठेव. ज्याने जो भाग केला तोच प्रेझेंटेशनमध्ये त्या भागावर बोलणार, हेही तेव्हाच ठरवून टाका, शेवटच्या रात्री ठरवायला गेलात की भांडणंच होतात. कुणाचं काम आलं नाही तर ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलू नकोस, एकट्याला फोन कर आणि आधी विचार की कुठे अडलंय, कारण निम्म्या वेळा पोरांना काम कळलेलंच नसतं आणि विचारायची लाज वाटते. सुरुवातीला तुला हे जड जाईल, मैत्रिणींना तारखा विचारायच्या म्हणजे कसंतरीच वाटतं, पण ऑफिसात पुढे रोज हेच करायचंय आणि इथे चुकलं तर फार तर थोडे मार्क जातील.

दुसरं म्हणजे पदाची वाट न बघता एखादं बेवारस काम उचल. प्रत्येक क्लबमध्ये असं काहीतरी असतंच, म्हणजे दरवर्षी नवी टीम येते आणि स्पॉन्सर कोण होते, हॉलची परवानगी कुणाकडून घ्यायची, खर्च किती आला हे सगळं शून्यापासून शोधत बसते कारण आधीच्यांनी काही लिहूनच ठेवलेलं नसतं. ही हँडओव्हर फाइल तू बनव. कुणाची परवानगी लागत नाही, आणि पुढच्या टीमचं काम तिच्यामुळे सोपं झालं तर रेझ्युमेवर लिहायला ते नुसत्या पदाच्या नावापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

आणि हे सगळं करताना आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहून ठेव, काय अडलं, तू काय केलंस, काय झालं. इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात की टीममध्ये मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि मुलं तिथे ‘आम्ही हे केलं, आम्ही ते केलं’ करत राहतात, समोरच्याला कळतच नाही की यातलं या मुलीने काय केलं. परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू काय केलंस, निकाल काय लागला, या क्रमाने सांगितलंस की ते नीट पोचतं. निकाल वाईट लागला असेल तरी सांग, फक्त त्यानंतर काय बदललंस ते पण सांग.

प्रश्न: ताई, आमच्या घरात कॉर्पोरेटमध्ये कुणीच नाही. मित्र सगळे माझ्यासारखेच, इंटर्नशिप शोधणारे. ओळखीशिवाय काही होत नाही म्हणतात, मग मी काय करू?

उत्तर: जवळच्या मित्रांकडे जी माहिती असते ती बहुतेक तुझ्याकडेही असतेच, म्हणून तिथून नवीन फारसं काही येत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर वारंवार भेटायचा म्हणणारे साधारण 17 टक्केच निघाले, बाकीचे म्हणाले की अधूनमधून किंवा क्वचितच. अभ्यास छोटा होता, पण 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटींहून जास्त लोकांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि त्यातही थोड्या लांबच्या ओळखीच नोकरी बदलायला जास्त कामाला आल्या.

तेव्हा दोन-तीन वर्षं पुढचे सीनियर, कुठल्या तरी इव्हेंटला भेटलेले पाहुणे, लॅबमध्ये मदत करणारे पीएचडीचे विद्यार्थी यांना लिही. नोकरी मागू नकोस, पहिल्याच मेसेजमध्ये रेझ्युमे चिकटवला की माणूस गप्प होतो. आपण कोण ते एका ओळीत, त्यांचं नेमकं कुठलं काम पाहिलं ते एका ओळीत, आणि ज्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येईल असा एकच प्रश्न. बरेच जण उत्तर देणार नाहीत, ते मनाला लावून घेऊ नकोस. जे देतील त्यांच्या सल्ल्यावर काहीतरी करून महिन्याभराने कळव की असं केलं, असं झालं. हे फार कमी मुलं करतात, आणि म्हणूनच ती लक्षात राहतात.

प्रश्न: लीडरशिपचा पेड ऑनलाइन कोर्स करू का? सर्टिफिकेट मिळतं.

उत्तर: नुसत्या सर्टिफिकेटसाठी नको. त्यात खरी टीम, खरं काम आणि कुणाकडून तरी नीट फीडबॅक मिळणार असेल तर विचार कर, नुसते व्हिडिओ आणि शेवटी क्विझ असेल तर पैसे वाचव. त्याऐवजी या सेमिस्टरला एखाद्या ज्युनियरला तुझा जमलेला विषय दर आठवड्याला शिकव, आणि महिन्याभराने त्यालाच विचार की माझं कुठे कळत नाही.